पहिली आठवण कोणती? (अ‍ॅडलर, भूकंप आणि आम्ही तीन भावंडं)

कृष्णाकाठची

अप्पांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून आम्ही तिघं भावंडं चार दिवस कराडच्या घरी एकत्र होतो. तिघंही साठीच्या अलीकडे-पलीकडे. थेंब कुणी कधी घालायचे यावरून पहिल्याच संध्याकाळी कुरबूर झाली. दादानं वहीचं पान फाडून पट्टीनं रेघा मारून तक्ता आखला. धाकट्यानं तो बघितला आणि "साहेब आले" म्हणून आडवा झाला. मी दोघांच्या मधे चहाचे कप घेऊन उभी. साठ वर्षं हेच चाललंय.

निवृत्त झाल्यापासून मी मानसशास्त्र वाचते. बी.ए.ला विषय होता, पण तेव्हा मार्कांपुरता वाचला. त्यामुळे तक्ता बघताक्षणी डोक्यात व्हिएन्नाचा मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर. थोरलं मूल म्हणजे गादीवरून उतरवलेला राजा. मधलं कायम पुढच्याला गाठायच्या घाईत. शेंडेफळाला कुणी गादीवरून उतरवत नाही, म्हणून ते लाडावतं. आमच्या घरात तिन्ही पात्रं तय्यार.

पण धागा काढलाय तो याच अ‍ॅडलरच्या दुसऱ्या एका गोष्टीसाठी. समोर आलेल्या माणसाला तो विचारायचा, तुमची लहानपणची सगळ्यात पहिली आठवण सांगा. त्याचं म्हणणं असं की हजारो दिवसांतून मन एकच दिवस उचलून जपतं, ते उगाच नाही. आज आपण जगाकडे कसे बघतो, ते त्या निवडीत दिसतं. त्याची स्वतःची आठवण अशी : मुडदूस झालेला, पट्ट्या बांधलेला तो बाकावर बसलाय, आणि समोर थोरला भाऊ मजेत उड्या मारतोय. (त्या थोरल्या भावाचं नाव सिग्मंड! पुढे १९११ साली दुसऱ्या सिग्मंडशीही, म्हणजे फ्रॉइडशी, याचं फाटलंच.)

तिसऱ्या रात्री दिवे गेले. ओसरीवर बसलो होतो. मी दोघांना विचारलं. आणि तिघांची आठवण एकच निघाली. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. अप्पा तेव्हा पाटण तालुक्यात तलाठी होते. आम्ही तिथंच भाड्याच्या मातीच्या घरात राहायचो.

दादा आठ वर्षांचा. त्याला आठवतं, अप्पांनी त्याच्या हातात कंदील दिला आणि म्हणाले, "आईला धर, मी पुढं होतो." तो आईचा हात धरून बाहेर आला. "त्या दिवशी माझं लहानपण संपलं," असं तो म्हणतो. वाक्य जरा नाटकी आहे, पण त्याची अख्खी नोकरी, दोन बहिणभावांची लग्नं, अप्पांचं पेन्शन, सगळं त्यानं तो कंदील हातात असल्यासारखंच केलं.

मी पाच वर्षांची. मला कंदील आठवतच नाही. मला आठवते गोधडी. फडताळातली भांडी धडाधड पडतायत, नाकातोंडात माती जातेय, आणि घरात कुणी नाही. सगळे मला विसरून गेले. मग अंधारातून एक हात आला आणि तपकिरीचा वास. अप्पा.

धाकट्याला आठवतं अंगणात घोंगडीवर निजलेलं असणं. वर चांदण्या, कपाळावर आईचा हात, गोठ्यातल्या घंटा वाजतायत. छान वाटत होतं, म्हणाला.

आता धाकट्याचा जन्म जुलै १९६८चा आहे.

आम्ही पोट धरून हसलो. तो म्हणाला, "होतो की मी. आईच्या पोटात." पण नंतर गप्प झाला, कारण त्याच्याआधीचं त्याला दुसरं काही आठवत नाही.

त्याला बरं वाटावं म्हणून मी अ‍ॅडलरचाच किस्सा सांगितला. अ‍ॅडलरला पक्कं आठवायचं की शाळेच्या वाटेवर स्मशान होतं, त्याची भीती वाटायची, आणि ती घालवायला त्यानं एकदा ते धावत पुन्हा पुन्हा पार केलं. पस्तिशीत जुना शाळासोबती भेटला तेव्हा कळलं, त्या वाटेवर स्मशान कधी नव्हतंच. तरी त्यानं ती आठवण टाकून दिली नाही. घडलेली नसेल, पण माझीच आहे, असा त्याचा हिशोब.

तुमची पहिली आठवण कोणती? जमलं तर भावंडांनाही विचारा. पण वेगवेगळं गाठून, एकमेकांसमोर नको.

झंप्या

पहिला! जागा धरून ठेवतो, वाचून सावकाश लिहितो.

आकडेमोड

ताई, लिहिलंय सुरेख, म्हणून वाईटपणा घेताना जीवावर येतंय. पण जन्मक्रमाचं हे प्रकरण आता टिकत नाही. २०१५ साली दोन मोठे अभ्यास आले. एकात अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतले मिळून वीस हजारांवर लोक, दुसऱ्यात अमेरिकेतली ३ लाख ७७ हजार शाळकरी मुलं. थोरला जबाबदार, धाकटा बेफिकीर, असं काहीही सापडलं नाही. बुद्ध्यंकात थोरल्यांचं पारडं किंचित जड, तेही असं की दोन सख्ख्या भावांत बघून कळणार नाही.

मग आपल्याला घरोघरी ते दिसतं कसं? एक तर थोरला कायमच वयानं मोठा असतो. तो तीस आणि धाकटा बावीस असताना तुलना केली की थोरला जबाबदार दिसणारच. धाकटा तिशीत कसा वागतो ते आठवून कोण बघतं?

दुसरं, मानसशास्त्रज्ञ फोररचा प्रयोग. त्यानं ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला "तुझं खास व्यक्तिचित्र" म्हणून कागद दिला. मुलांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांच्या कागदावर मजकूर एकच होता आणि तो बराचसा स्टॉलवरच्या राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला. १९४९ सालचा हा निबंध आहे. "तुम्ही वरून शिस्तीचे दिसता पण आतून काळजी करता" हे कुणाला लागू नाही?

कृष्णाकाठची

@आकडेमोड, वाईटपणा कसला, म्हणून तर इथं टाकलं. जन्मक्रमाबद्दल तुमचं बरोबर असणार. फक्त एक. क्रमांक महत्त्वाचा नाही, मुलाला ती जागा कशी वाटली ते महत्त्वाचं, असं अ‍ॅडलरनंच म्हणून ठेवलंय. आता "कशी वाटली" हे तीन लाख मुलांच्या फॉर्मवर कसं मोजायचं ते मला माहीत नाही. तुम्ही म्हणाल ही पळवाट आहे. असेलही.

आकडेमोड

पळवाटच आहे. जे कशानंच खोटं पडत नाही त्याला आमच्यात सिद्धांत म्हणत नाहीत. पण कंदिलाची गोष्ट डोक्यातून जात नाहीये, हेही खरं.

मोगरा

मी अ‍ॅडलरवाली नाही, कारेन हॉर्नायवाली. बाई मनोविश्लेषक, जन्मानं जर्मन, १९३२ साली अमेरिकेत गेली, फ्रॉइडच्या बायकांबद्दलच्या मतांना तोंडावर नाही म्हणाली, म्हणून आधीच आवडते. तिचं म्हणणं, असुरक्षित वाटलं की माणूस तीनपैकी एक वाट धरतो. माणसांकडे जातो, माणसांवर जातो, नाहीतर माणसांपासून लांब जातो. अडचण कधी? एकच वाट येत असली की.

तिची दुसरी कल्पना म्हणजे "पाहिजे"ची जुलूमशाही. मनात एक आदर्श मूर्ती बसवायची आणि दिवसभर स्वतःला तिच्यापुढे उठाबशा काढायला लावायच्या.

हे वाचलं तेव्हा मला अर्थातच आधी सासूबाई दिसल्या. जावेला रंगवून सांगितलं. जाऊ म्हणाली, "ताई, तुमचे मोजा ना." मग गणेश चतुर्थीला तिनं खरंच मोजले. मोदकपात्रातली पहिली चाळण उतरेपर्यंत माझे सतरा झाले होते. पाकळ्या अकरा तरी आल्याच पाहिजेत. उकड गरम असतानाच मळली पाहिजे. नारळ आजचाच खवलेला पाहिजे. बाराच्या आत नैवेद्य झालाच पाहिजे. मुलानं आरतीला सोवळं नेसलंच पाहिजे (तो एकोणीसचा, कानाला यंत्र लावून उभा). सासूबाई मात्र शांतपणे खुर्चीत बसून फुटलेला मोदक खात होत्या. त्यांचे त्या दिवशी शून्य.

तेव्हापासून घरात कुणीही "पाहिजे" म्हटलं की जाऊ बोट वर करते. वैताग आहे नुसता.

हिंजवडीकर

आमच्या हापिसात स्वभाव ओळखायची ती चार अक्षरांची टेस्ट (एमबीटीआय) झाली. मानसशास्त्रज्ञ युंगच्या १९२१ सालच्या पुस्तकावरून अमेरिकेतल्या मायलेकींनी बनवलेली, तीच ती. मार्चमध्ये मी अंतर्मुख निघालो, ऑक्टोबरात बहिर्मुख. मधल्या काळात फक्त मॅनेजर बदलला होता.

निवांत पाटील

हे सगळं आपल्याकडे आधीच सांगून ठेवलंय हो. सत्त्व-रज-तम बघा, वात-पित्त-कफ बघा. आणि माणसं ओळखायची तर समर्थांची मूर्खलक्षणं वाचावीत, त्यात माझ्या तिन्ही मेव्हण्यांची व्यवस्थित सोय झालेली आहे. व्हिएन्नाला जायची गरज काय?

आकडेमोड

@निवांत पाटील, चार द्रवांवरून चार स्वभाव ग्रीकांकडेही होते, आणि मानसशास्त्रज्ञ आयसेंकनं विसाव्या शतकात आपली मोजमापं त्याच चार खणांत बसवून दाखवली. खण करायची हौस जगभर आहे. बाय द वे, मूर्खलक्षणांच्या दशकातच शेवटी पढतमूर्खाचीही लक्षणं आहेत. ती तुम्ही मेव्हण्यांना लावलीत की…?

निवांत पाटील

ती बायको वाचते. मोठ्यानं.

सायलेंट वाचक

सहा वर्षं नुसतं वाचतोय. आज खातं उघडलं.

एरिक एरिकसन बहुतेकांना माहीत असेल. आयुष्याचे आठ टप्पे सांगणारा. ओळख हरवणं, गवसणं हे त्याचे शब्द. त्याला स्वतःला आपला खरा बाप कोण ते कधी कळलं नाही. एरिकसन हे आडनावही त्यानं नंतर, अमेरिकेचा नागरिक होताना १९३९ साली घेतलं.

१९४४ साली त्याला डाउन सिंड्रोम असलेला मुलगा झाला. त्याला संस्थेत ठेवलं आणि घरातल्या बाकीच्या मुलांना सांगितलं, बाळ जन्मतःच गेलं. तो मुलगा वीस वर्षं जगला.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. आमच्या वडिलांना "भावंडं किती" विचारलं की ते चार सांगायचे. खरं पाच. सगळ्यात थोरली आत्या. तिला बोलता यायचं नाही, माडीवरच्या खोलीत असायची. पाहुणे आले की जिन्याचं दार लागायचं. सगळे काकांना "घरातला थोरला" म्हणायचे, काकाही तसेच वागायचे, करडे, कमी बोलणारे. वडील स्वतःला दुसरे म्हणायचे. ते तिसरे होते.

आकडेमोडसाहेब, अशी घरं फॉर्मवर "एकूण भावंडं : चार" असंच लिहितात.

माझी पहिली आठवण : जिन्याच्या दाराखालच्या फटीतून मी पार्ले बिस्किट सरकवतोय आणि आतून कुणीतरी ते ओढून घेतंय. बोटं दिसली होती. भीती नाही वाटली.

मोगरा

सायलेंट वाचक, काय लिहू. लिहीत राहा एवढंच.

आकडेमोड

@सायलेंट वाचक, मान्य.

झंप्या

जागा धरली होती ती आता वापरतो. एस.टी.ची खिडकी. खिडकीच्या खालच्या पट्टीला हनुवटी टेकवलीय, दात कडाकडा वाजतायत, आणि आई सांगतेय "तोंड मिट, जीभ चावशील." मी मुद्दाम तोंड उघडं ठेवून "आ" म्हणतोय, कारण आवाज मस्त थरथरतो. संपली. यावरून अ‍ॅडलरबुवा काय सांगतील?

कृष्णाकाठची

@झंप्या, की तू या संकेतस्थळावर कसा वागतोस ते अगदी लहानपणीच ठरलं होतं.

स्टुटगार्टकर

काल नागपूरला धाकट्या भावाला फोन लावून विचारलं. त्याची पहिली आठवण : अंगणातल्या हौदाच्या कठड्यावरून तो पडला, हनुवटी फुटली, बाबांनी हळद दाबून भरली, सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात नेलं, तीन टाके पडले. तपशिलासकट. रडत रडत ऐकत असलेलं रेडिओवरचं गाणंसुद्धा.

टाक्यांची खूण माझ्या हनुवटीवर आहे. त्याच्याकडे आठवण आहे.

मी त्याला सांगितलं नाही. पण रात्रभर विचार करतोय, मला स्वतःला त्या दिवसाचं काहीच का आठवत नसावं?

वडाची साल

समुपदेशन करते, म्हणून थोडं. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं बहुतेकांना आठवत नाही. त्यामागचं जे "आठवतं" ते बरेचदा फोटो, ऐकलेल्या गोष्टी आणि नंतरचे प्रसंग यांचं कालवण असतं. केंब्रिजच्या बार्टलेट या मानसशास्त्रज्ञानं १९३२ सालीच दाखवलं की माणूस आठवण कपाटातून काढत नाही, दर वेळी नव्यानं रचतो. त्यामुळे भावंडांची आठवण स्वतःची म्हणून सांगणं अजिबात विचित्र नाही.

एक विनंती. हे प्रश्न घरात विचारा, पण अर्थ लावून देऊ नका. "तू असा का आहेस ते मला आज कळलं" या वाक्यानं सुरू झालेली भांडणं माझ्याकडे येतात.

हेळवाकचा

धागा उशिरा बघितला. आमचं गाव कोयनेच्या काठावरच. त्या पहाटे साडेचाराच्या आत सगळं झालं होतं. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. आमच्या आजीच्या घराची एकच भिंत उरली, तिच्यावर कॅलेंडर तसंच.

पण ताई, तुमच्या धाकट्या भावाला हसू नका. धक्के त्या रात्री थांबले नाहीत, पुढं वर्षानुवर्षं चालू होते. १९७३ सालीही चांगला मोठा बसला. आम्ही पोरं कितीतरी रात्री अंगणात निजायचो. आई कपाळावर हात ठेवायची, आणि जनावरं हलली की घंटा वाजायच्याच. त्याची आठवण खरी असेल, फक्त भूकंप दुसरा असेल. तुम्ही घरात एकाच भूकंपाबद्दल बोलत राहिलात, म्हणून त्यानं आपली आठवण त्याच नावाखाली ठेवली.

आणि आम्हालाही ते छानच वाटायचं. शाळा नसायची.

कृष्णाकाठची

@हेळवाकचा, हे धाकट्याला जसंच्या तसं पाठवलं. त्याचं उत्तर : "सांगितलं होतं." पाच मिनिटांनी पुन्हा : "त्या भाऊंना धन्यवाद सांग."

आता जे लिहायला आले ते. वडाची साल, तुमची विनंती वाचली होती, म्हणून अर्थ लावत नाही, झालं तसं सांगते.

दादा आणि धाकटा आपापल्या गावी गेले, मी अप्पांपाशी आहे. थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडायला सांगितलंय. अप्पा ब्याण्णव वर्षांचे, पाच मिनिटं गप्प पडणं हा त्यांचा स्वभाव नव्हे. म्हणून काल दुपारी मी सहज विचारलं, तुमची लहानपणची पहिली आठवण कोणती?

म्हणाले, "पहिलीबिहिली नाही आठवत. तुम्ही त्या रात्री ओसरीवर बोलत होता, ते सगळं ऐकलं मी."

मग डोळे मिटूनच बोलत राहिले. "कंदील मी दिला नव्हता त्याला. तुझ्या आईनं दिला. मी नव्हतो तिथं. जमीन हलली तसा मी उठलो आणि पळालो. अंगणात येऊन उभा राहिलो, एकटा, नुसत्या लंगोटावर. तलाठी." इथं जरा हसले. "मागनं ही आली, पोराला घेऊन, दोन जिवांची. मला म्हणाली, पोरगी आत हाय. ओरडली न्हाई. नुसतं म्हणाली. तवा मी परत आत आलो."

एरवी अप्पा शुद्ध बोलतात. इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून "हाय" आणि "न्हाई" ऐकलं.

मी विचारलं, आई नंतर काही बोलली का कधी? "कधीच न्हाई. दुसऱ्या दिवसापासून मी पंचनाम्यांना. महिनाभर पडकी घरं लिहिली. लोक म्हणायचे अण्णासाहेब घरदार सोडून राबतायत. घरात यायचं धाडस होत नव्हतं."

पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. मी बोळा घेऊन डोळ्याच्या कडेचं पुसलं. थेंबांचं पाणी येतंच.

तपकिरीचा वास माझा खरा निघाला. तो हात खराच होता, फक्त तो कुठून परत आला होता ते मला माहीत नव्हतं.

दादाचा रोज रात्री आठला फोन येतो. कालही आला. "दोनचे घातलेस का?" घातले म्हटलं. "तक्त्यावर खूण केलीस?"

राहिली होती. फोन ठेवून मी पेन शोधलं आणि केली.